पाण्याच्या रचनेचं वय

पाण्याला रचना असते की नसते, हा वाद दर काही महिन्यांनी नव्याने पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन थबकतो. एक बाजू म्हणते, पाण्याच्या रेणूंची एक मांडणी असते. भोवरा देऊन, चुंबक लावून, काहींच्या मते तर चांगले शब्द ऐकवून ती सुधारता येते, आणि असं ‘संरचित’ पाणी शरीराला अधिक मानवतं. दुसरी बाजू वैतागून उत्तर देते की द्रवाला मुळात रचनाच नसते, तेव्हा सुधारणार काय? मी या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. द्रवांच्या भौतिक रसायनशास्त्रात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि संरचित पाण्याची यंत्रं विकणाऱ्यांबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नाही. तरीही आपल्याच बाजूचं हे उत्तर ऐकलं की मी अस्वस्थ होतो, कारण ते खरं नाही. खोट्या दाव्याला खोटं उत्तर दिलं की वाद जिंकल्यासारखा वाटतो, पण ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

द्रवाला रचना असते. ती मोजता येते, आणि जवळपास शंभर वर्षं मोजली जात आहे. वाद व्हायला हवा तो तिच्या वयाबद्दल. स्फटिकाची रचना सांगताना काळाचा उल्लेख टाळला तरी चालतं. मिठाच्या खड्यातला सोडियमचा आयन आज जिथे आहे तिथेच उद्या असणार. द्रवाच्या बाबतीत ‘किती वेळ?’ हा प्रश्न जोडल्याशिवाय रचना हा शब्द अर्धवट राहतो. पाण्याच्या संदर्भात या अर्धवट शब्दाने भोंदूंना जेवढा हात दिला, तेवढंच चांगल्या शास्त्रज्ञांनाही चकवलं.

आधी रचनेचा पुरावा पाहू. द्रवातून क्ष-किरण सोडले तर पडद्यावर स्फटिकासारखे टोकदार ठिपके उमटत नाहीत, पण सपाट अंधूकपणाही दिसत नाही. रुंद, विरत जाणारी वलयं दिसतात. १९२७ मध्ये झर्निके आणि प्रिन्स यांनी या वलयांवरून द्रवाच्या आतलं चित्र कसं काढायचं ते दाखवलं. एका रेणूवर उभं राहायचं आणि किती अंतरावर सरासरी किती शेजारी आहेत ते मोजत बाहेर जायचं, एवढीच ती कल्पना. द्रवरूप आरगॉनमध्ये पहिल्या घोळक्यात दहा-बारा शेजारी सापडतात, गोल चेंडू दाटीने भरल्यावर सापडावेत तसे. पाण्यात मात्र ०.२८ नॅनोमीटरवर जेमतेम चार-साडेचार सापडतात आणि पुढचा उंचवटा ०.४५ नॅनोमीटरच्या आसपास येतो. ही दोन अंतरं एकत्र वाचली की चतुष्फलक दिसतो: मधे एक रेणू, चार कोपऱ्यांवर चार. बर्फातली मांडणीही हीच. एक नॅनोमीटरच्या थोडं पुढे गेलं की उंचवटे विरतात आणि पुढे सगळं सारखं. म्हणजे द्रवाला जवळची शिस्त आहे, लांबची नाही. ‘पाण्याला रचना नसते’ असं म्हणणाऱ्याने मग हेही सांगावं की ० अंश सेल्सियसपासून ४ अंशांपर्यंत तापवताना पाणी आक्रसतं ते कशामुळे? मोकळीढाकळी चतुष्फलकी मांडणी ढासळून रेणू थोडे जवळ येतात, हे त्याचं उत्तर रचनेशिवाय देता येत नाही.

ही मांडणी कुठून येते याबद्दलचा जुना वाद आजच्या वादाशी विलक्षण जुळतो. १८७३ मध्ये व्हान डर वाल्स यांनी वायूकडून द्रवाकडे जाणारी वाट दाखवली: द्रव म्हणजे दाटलेला वायू, रेणूंना आकारमान आहे आणि त्यांच्यात ओढ आहे, एवढं धरलं की पुष्कळसं उलगडतं. उलट दिशेने येणारे म्हणत, द्रव म्हणजे मोडका स्फटिक. क्ष-किरणांचे जनक राँटगेन यांनी १८९२ मध्येच सुचवलं होतं की पाण्यात बर्फाचे रेणू विरघळलेले असतात. दोन्ही बाजूंकडे पुरावे होते, दोन्हींची गणितं काही ठिकाणी जुळत आणि काही ठिकाणी साफ फसत. आज मागे वळून पाहिलं की दोघांच्याही चित्रात एकच उणीव ठळक दिसते: दोन्ही चित्रं स्थिर होती. स्फटिक किंवा वायू, यांपैकी एक निवडा आणि मग त्यात दुरुस्त्या करा, असा तो खाक्या होता.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी ही निवडच नाकारली. १९३३ मध्ये फाउलर यांच्याबरोबर त्यांनी पाण्याचं चतुष्फलकी चित्र मांडलं होतं, पण पुढे ते साध्या द्रवांकडे वळले आणि द्रव हा स्वतंत्र विषय आहे, त्यात ना स्फटिकाचे तुकडे असतात ना पोकळ्या, असं आग्रहाने सांगू लागले. त्यांनी चेंडू आणि काड्यांचे नमुने हाताने बांधले. नमुन्यात नकळत शिस्त शिरू नये म्हणून ते आपल्या कार्यालयात, दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन लक्ष विचलित करेल अशा परिस्थितीत, आधी काय केलं ते आठवत न बसता जोडणी करत. मला ही गोष्ट फार आवडते. अव्यवस्था प्रामाणिकपणे बांधणं किती कठीण आहे, हे त्यांना कळलं होतं. पण त्या सुंदर नमुन्यातही काळ नव्हता. चेंडू जिथे बसवला तिथे बसून राही. म्हणूनच बर्नाल यांचा नमुना द्रवापेक्षा काचेला, विशेषतः धातूंच्या काचेला, जास्त लागू पडला.

काळ आत आला तो दोन वाटांनी. याकोव्ह फ्रेंकेल यांनी सुचवलं होतं की द्रवातला अणू एका तात्पुरत्या जागी थरथरत राहतो आणि मग उडी मारून दुसऱ्या जागी जातो. थांबण्याचा काळ तापमानावर आणि वाटेत ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या चढावर ठरतो. १९५४ मध्ये लिऑन व्हान होव यांनी ही जाणीव थेट व्याख्येतच बसवली. ‘इथे एक अणू आहे, तर तिथे दुसरा असण्याची शक्यता किती?’ या प्रश्नाला त्यांनी ‘इतक्या वेळानंतर’ हे शब्द जोडले. अंतर आणि काळ, दोन्ही एकाच फलनात. न्यूट्रॉनच्या विखुरण्यातून नेमकी हीच गोष्ट मोजता येते, म्हणून हे निव्वळ तत्त्वज्ञान राहिलं नाही. पुढे १९६४ मध्ये, बर्नाल यांचं द्रवांच्या रचनेवरचं प्रसिद्ध व्याख्यान छापून आलं त्याच वर्षी, अनीसुर रहमान यांनी संगणकावर ८६४ आरगॉन अणूंना न्यूटनचे नियम पाळत धावायला लावलं. त्यात अणू शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यावर आपटून मागे फिरताना दिसला, आणि थोड्या वेळाने पिंजराच विस्कटून गेलेला दिसला. पिंजरा होता हे खरं, आणि तो टिकला नाही हेही खरं. १९७१ मध्ये रहमान आणि स्टिलिंजर यांनी पाण्याच्या २१६ रेणूंवर हाच प्रयोग केला.

पाण्याचे आकडे आज चांगले माहीत आहेत. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. पिकोसेकंदाला एक सेकंद मानलं, तर आपला एक सेकंद सुमारे ३२ हजार वर्षांचा होईल. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, तो हायड्रोजन बंध. पाण्याचा रेणू या बंधाचा आपला जोडीदार साधारण पिकोसेकंदांच्या मापात बदलतो आणि दोन-तीन पिकोसेकंदांत आपली दिशा विसरतो. तो हळूहळू वळत नाही. २००६ मध्ये लाज आणि हाइन्स यांनी दाखवलं की तो एका जोडीदाराला सोडून दुसऱ्याकडे मोठ्या कोनातून झेप घेतो. २००५ मधल्या एका अवरक्त प्रयोगात तर बंधांच्या जाळ्याची कंपनांतली आठवण ५० फेम्टोसेकंदांच्या आतच पुसली जाताना दिसली, म्हणजे पिकोसेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात. २५ अंशांना एक रेणू एका पिकोसेकंदात सरासरी स्वतःच्या आकाराच्या निम्म्याएवढं अंतर सरकतो. आपल्या पारिभाषिक शब्दांत रेणूंच्या या पसरण्याला ‘विसरण’ म्हणतात. हे ‘विसरण’ आणि आठवण जाण्याचं ‘विसरणं’ वेगळ्या धातूंतून आले आहेत, पण द्रवाच्या बाबतीत भाषेने साधलेला हा योगायोग अचूक आहे. पाण्याचा रेणू विसरतो, दोन्ही अर्थांनी.

आता समोरच्या बाजूचे बळकट मुद्दे घेऊ, कारण ते खरोखर बळकट आहेत. पहिला असा की हे शब्द शास्त्रज्ञांनीच दिले. १९४५ मध्ये फ्रँक आणि इव्हान्स यांनी लिहिलं की तेलकट रेणूंभोवती पाणी जणू सूक्ष्म हिमनग रचतं. पुढे आयनांचे ‘रचना घडवणारे’ आणि ‘रचना मोडणारे’ असे गट पडले आणि दशकानुदशकं पाठ्यपुस्तकांतून शिकवले गेले. ज्या शास्त्राने स्वतः हिमनगांची भाषा वापरली, त्याने आता संरचित पाण्याला नाक मुरडावं का? आक्षेप रास्त आहे. पण त्या हिमनगांचं पुढे काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. न्यूट्रॉनच्या प्रयोगांनी मिथेनॉलसारख्या रेणूंभोवतालच्या पाण्याची मांडणी तपासली तेव्हा बर्फासारखी जादा शिस्त सापडली नाही. पण २००७ मध्ये अतिजलद अवरक्त प्रयोगांत दिसलं की तेलकट गटांजवळचे काही रेणू खरोखर मंद वळतात. दोन प्रयोगांत भांडण आहे असं वाटलं. उलगडा असा झाला की रेणूला झेप घ्यायला समोरून नवा जोडीदार यावा लागतो, आणि तेलकट गट त्या जोडीदाराची एक बाजूची वाट अडवतो. म्हणून झेप लांबते, फार तर दुपटीच्या आसपास. मांडणी जवळपास तीच, फक्त उशीर. हिमनग हा शब्द एका काळाच्या मापाला रचनेचं नाव दिल्यामुळे जन्मला होता. आयनांचंही तसंच: बहुतेक साध्या आयनांचा परिणाम पहिल्या वेढ्यापलीकडच्या पाण्याच्या वळण्यावर फारसा पोहोचत नाही, हे २००३ मध्ये मोजून दाखवण्यात आलं. त्या जुन्या भाषेचं ओझं आपल्या बाजूने मान्य केलंच पाहिजे. ते मान्य न करता समोरच्याला अडाणी म्हणणं, हा अप्रामाणिकपणा झाला.

दुसरा मुद्दा याहून अवघड. पाण्यात दीर्घकाळ टिकणारी मांडणी असूच शकत नाही, हे विधान सरळ खोटं आहे. पाण्यात विरघळलेल्या क्रोमियमच्या तीन धनभारांच्या आयनाला सहा पाण्याचे रेणू बिलगलेले असतात आणि त्यातला एकेक सरासरी काही दिवस तिथेच राहतो. हेन्री टॉब आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५० च्या सुमारास जड ऑक्सिजनची खूण वापरून ही अदलाबदल मोजली. इरिडियमच्या तशाच आयनाभोवती तर एक रेणू सरासरी सुमारे ३०० वर्षं टिकतो. त्याच भांड्यात, त्याच तापमानाला, सोडियमभोवतालचा रेणू नॅनोसेकंदाच्या, म्हणजे हजार पिकोसेकंदांच्या, आत निघून जातो. इतकंच नव्हे, शास्त्रज्ञ स्वतःही द्रवाच्या स्मृतीबद्दल बोलतात. १९७० मध्ये आल्डर आणि वेनराइट यांनी संगणकातल्या द्रवात पाहिलं की कणाच्या वेगाची आठवण अपेक्षेप्रमाणे झपाट्याने नाहीशी होत नाही, एक लांब शेपूट मागे राहतं. कारण मोठं देखणं आहे: पुढे जाणारा कण भोवताली एक चिमुकला भोवरा उठवतो आणि तो भोवरा फिरून त्याच कणाला मागून ढकलतो. तेव्हा भोवऱ्यात पाणी फिरवलं की काहीतरी टिकतं, असं म्हणणाऱ्याला ‘अशक्य’ एवढं एकच उत्तर देऊन कसं भागेल?

भागत नाही. पण या उदाहरणांकडे नीट पाहिलं की त्यांच्यातूनच खरी कसोटी हाती येते. द्रवात एखादी गोष्ट दीर्घकाळ टिकायची तर मला तीन कारणं दिसतात. एक, तिला मोडायला मोठा चढ ओलांडावा लागतो. क्रोमियम आणि इरिडियमच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी हा चढ पुरवते, म्हणून तिथे पाणी अडकून राहतं. दोन, ती गोष्ट निसर्गात अक्षय असते: वस्तुमान, संवेग, ऊर्जा. त्या नष्ट होऊ शकत नाहीत, फक्त पसरू शकतात, आणि पसरायला वेळ लागतो. भोवरा काही काळ टिकतो तो संवेगामुळे. तीन, संपूर्ण द्रवच एका दिशेची निवड करून बसलेला असतो, जसं द्रव-स्फटिकांत घडतं. पण ती वेगळीच अवस्था असते आणि प्रकाशात लगेच ओळखू येते. चौथं कारण मला ठाऊक नाही. आता शुद्ध पाण्यातल्या रेणूंच्या मांडणीला यांतलं काय लागू पडतं? तिला मोडायला लागणारा चढ एका हायड्रोजन बंधाएवढा, म्हणजे उष्णतेच्या धक्क्यांनी क्षणात पार होणारा. मांडणी ही काही अक्षय राशी नव्हे. पाण्याने सगळीकडे एकच दिशा निवडलेलीही नाही. भोवऱ्यातून काढलेलं पाणी पेल्यात स्थिरावलं की संवेग चिकटपणामुळे उष्णतेत मिसळतो, आणि ज्या मांडणीचा दावा केला जातो ती तर त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही पिकोसेकंदांत, अगणित वेळा मोडून पुन्हा जुळलेली असते. ‘रचना नसते’ या वाक्याच्या जागी हा प्रश्न ठेवून पाहा: तुमची रचना या तिन्हींपैकी कशाच्या आधारे टिकते, आणि तिचं वय तुम्ही कोणत्या उपकरणाने मोजलंत?

१९८८ मध्ये हाच प्रश्न पुरेसा जोर लावून विचारला गेला नाही, याची मला खंत वाटते. त्या वर्षी जाक बेनव्हेनिस्त यांच्या गटाचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. प्रतिपिंडाचं द्रावण इतकं विरळ केलं की त्यात एकही रेणू उरण्याची शक्यता नव्हती, तरी पेशी प्रतिसाद देतात, असा दावा त्यात होता. संपादक जॉन मॅडॉक्स, जादूगार जेम्स रँडी आणि वॉल्टर स्टुअर्ट प्रयोगशाळेत गेले, कोणती नळी कोणती हे प्रयोग करणाऱ्यांपासून लपवलं, आणि परिणाम नाहीसा झाला. प्रकरण तिथे मिटलं, पण लोकांच्या मनात उरलं ते वेगळंच: जादूगार घेऊन गेले, शास्त्रज्ञाचा अपमान केला. रेणूच उरला नाही तर परिणाम कसा, हा अॅव्होगॅड्रो संख्येवरचा युक्तिवाद बरोबर होता, पण त्याला समोरून तयार उत्तर होतं: रेणू नाही, त्याचा ठसा उरतो. ठशाचं वय किती, हा प्रश्न तेव्हाच मधे ठेवायला हवा होता. ज्या द्रवात शेजारी पिकोसेकंदात बदलतो, तिथे ठसा नळीतून नळीत जाईपर्यंत कोण धरून ठेवणार?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, प्रस्थापितांनी नव्या कल्पना नेहमीच नाकारल्या आहेत. इतिहासातलं एक प्रकरण या उत्तराला नेमकं भिडतं. १९६०च्या दशकात सोव्हिएत संघात फेद्याकिन यांना आणि नंतर मोठा दबदबा असलेल्या बोरिस देर्यागिन यांना केसासारख्या बारीक काचनळ्यांत वेगळंच पाणी सापडलं: दाट, घट्ट, उशिरा उकळणारं. १९६९ मध्ये त्याला ‘पॉलीवॉटर’ असं नाव मिळालं आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्यामागे धावल्या. प्रस्थापितांनी ही कल्पना नाकारली नाही, उलट डोक्यावर घेतली. मग डेनिस रूसो यांनी दाखवलं की माणसाच्या घामाचा अवरक्त वर्णपट त्या पाण्याशी विलक्षण मिळताजुळता आहे. १९७३ मध्ये देर्यागिन यांनी स्वतः लिहून मान्य केलं की तो गुणधर्म पाण्याचा नव्हता, काचेतून आलेल्या अशुद्धींचा होता. मला यात नाचक्की दिसत नाही. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने जाहीरपणे मागे घेतलेलं पाऊल दिसतं. नवी कल्पना नाकारली जाण्याचा आणि तपासली जाण्याचा फरक इथे स्पष्ट आहे: पॉलीवॉटर हातात घेऊन मोजता येत होतं, म्हणून ते खोटं ठरू शकलं. ज्या रचनेचं वयच कोणी सांगत नाही, ती खोटी तरी कशी ठरणार?

तिसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या मित्रांचा आहे आणि मला तो सगळ्यांत जड वाटतो. ते म्हणतात, तुझं म्हणणं बरोबर असेल, पण लोकांसमोर ‘रचना असते’ एवढे दोन शब्द उच्चारलेस की विक्रेता तेवढेच कापून आपल्या जाहिरातीत लावेल. साध्या माणसाला साधं वाक्य हवं. पिकोसेकंदांचा हिशोब तो करत बसणार नाही. असं घडतं, हे मला मान्य आहे. माझ्या बोलण्यातलं एक वाक्य तोडून वापरलेलं मी स्वतः पाहिलं आहे आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. तरीही मी मित्रांशी सहमत होत नाही. ‘द्रवाला रचना नसते’ हे वाक्य ज्याने विश्वासाने स्वीकारलं, त्याला उद्या कोणी पाण्याच्या क्ष-किरण विवर्तनाचा खराखुरा आलेख दाखवला तर? आलेख खरा असेल, उंचवटे खरे असतील. त्या क्षणी त्याला वाटेल की शास्त्रज्ञ काहीतरी लपवत होते, आणि पुढे विक्रेता जे सांगेल ते तो ऐकेल. शिवाय वयाची कल्पना अवघड असते हेच मला पटत नाही. उकळत्या पाण्यातला बुडबुडा, ढगाचा आकार, गर्दीत क्षणभर जुळलेली रांग, या गोष्टी आहेत आणि टिकत नाहीत, हे कोणाला समजावून सांगावं लागतं?

‘किती वेळ?’ हा प्रश्न विसरण्याची चूक फक्त भोंदू करतात, असंही नाही. २००४ मध्ये क्ष-किरण शोषणाच्या प्रयोगांवरून असा निष्कर्ष मांडला गेला की पाण्यातले बहुतेक रेणू चार नव्हे, दोनच भक्कम बंध राखतात आणि पाणी साखळ्या-कड्यांचं बनलेलं आहे. मोठा वाद झाला. वादाच्या पोटात दडलेला प्रश्न हा होता की बंध तुटला असं कधी म्हणायचं? शोषणाचं मोजमाप फेम्टोसेकंदाहून छोट्या क्षणाचं छायाचित्र काढतं. रेणू डोलताना बंध वाकतो, त्या छायाचित्रात तो तुटलेला दिसतो, आणि फेम्टोसेकंदांच्याच मापात परत जुळतो. २००५ मध्ये अवरक्त प्रयोग आणि संगणकीय गणित जोडून हेच दाखवलं गेलं: तुटलेले बंध निमिषमात्रच तुटलेले असतात, ती स्वतंत्र स्थिती नव्हेच. डोळ्याची पापणी लवली त्या क्षणीच्या छायाचित्रावरून माणूस झोपला होता असं म्हणावं, तसं ते होत होतं.

अतिशीत, म्हणजे शून्य अंशाखालीही न गोठलेल्या, पाण्याची गोष्ट याहून लांबलेली आणि मला वाटतं याहून सुंदर. १९९२ मध्ये पूल, शिओर्टिनो, एसमन आणि स्टॅन्ली यांनी संगणकीय गणितावरून सुचवलं की खूप थंड पाणी दोन वेगळ्या द्रवांत विभागतं, एक दाट आणि एक विरळ. २०११ पासून लिमर आणि चँडलर यांनी जोरदार हरकत घेतली: तुम्ही ज्याला दुसरा द्रव म्हणता, ते हळूहळू बनत असलेलं बर्फच आहे. हा वाद कित्येक वर्षं चालला, दोन्हीकडची गणितं जुळेनात, आणि अखेरीस एका बाजूची संगणकीय आज्ञावली उघड झाल्यावर तिच्यात चूक सापडली. पण मला महत्त्वाची वाटते ती हरकतीची जात. द्रव म्हणवून घ्यायचं तर रेणूंना एकमेकांत पुरेसं मिसळून जुनी मांडणी विसरायला वेळ मिळाला पाहिजे, आणि तोही बर्फ बनण्याआधी. दोन घड्याळांची ही शर्यत आहे. २०२० मध्ये प्रयोग झाला तोही शर्यतीसारखाच: दाट अस्फटिक बर्फ, म्हणजे ज्यात रेणूंची स्फटिकासारखी नियमित मांडणी नाही असं, लेसरने सुमारे २०५ केल्विनपर्यंत (उणे ६८ अंश सेल्सियस) तापवलं, आणि पुढच्या नॅनोसेकंदांपासून मायक्रोसेकंदांपर्यंत क्ष-किरणांच्या स्पंदांनी पाहिलं. दाट द्रवातून विरळ द्रव येताना दिसला, स्फटिक नंतर आले. इथे ‘रचना आहे की नाही’ असं कोणी विचारत बसलं नाही. कोणती रचना आधी आणि किती वेळ, एवढंच विचारलं, आणि उत्तर मिळालं.

काचेच्या बाबतीत हाच घोळ उलट्या दिशेने होतो. जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा तळाशी जाड असतात म्हणून काच हा संथ वाहणारा द्रव आहे, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ती जाडी काच बनवण्याच्या जुन्या पद्धतीमुळे आली. नेहमीच्या तापमानाला अशी काच डोळ्यांना दिसेल इतकी वाहायला विश्वाचं वयही अपुरं पडेल, हे हिशोब करून दाखवलेलं आहे. दुसरीकडे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये नरसाळ्यात ओतलेलं डांबर हातोडीने फुटेल इतकं कठीण आहे, पण ते वाहतं. १९३० मध्ये नरसाळ्याची मान कापून मोकळी केली, तेव्हापासून २०१४ पर्यंत ९ थेंब पडले. त्याचा चिकटपणा पाण्याच्या सुमारे २३ हजार कोटी पट निघाला. मार्कस रायनर यांनी १९६४ मध्ये हे सगळं एका गुणोत्तरात बांधलं: पदार्थाला विसरायला लागणारा वेळ भागिले आपण पाहण्यात घालवलेला वेळ. गुणोत्तर मोठं असेल तर पदार्थ घन दिसतो, लहान असेल तर द्रव. पाणी पेल्यात ओतताना हे गुणोत्तर जवळजवळ शून्य असतं. संरचित पाण्याच्या सगळ्या दाव्यांना ते एकाहून मोठं असावं लागतं, आणि तसं असेल तर ते पाणी ओतताच येणार नाही.

मला वाटतं, या वादात दोन्ही बाजूंनी मनात एक समजूत गृहीत धरली आहे: टिकाऊ रचना म्हणजे चांगली, क्षणिक म्हणजे निरुपयोगी. म्हणून एक बाजू टिकाऊपणाचा दावा करते आणि दुसरी रचनाच नाकारते. रसायनशास्त्र नेमकं उलटं सांगतं. १९५६ मध्ये रुडॉल्फ मार्कस यांनी विचारलं की द्रावणात इलेक्ट्रॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर कधी उडी मारतो? उत्तर असं की भोवतालचे द्रावकाचे रेणू हलता हलता ज्या क्षणी अशी मांडणी करतात की इलेक्ट्रॉन इकडे असो वा तिकडे, ऊर्जा सारखीच, त्या क्षणी. या कामासाठी त्यांना १९९२ चं नोबेल मिळालं. श्वसनात इलेक्ट्रॉन प्रथिनाकडून प्रथिनाकडे जातो तिथेही हेच चालतं, भोवतालचं पाणी आणि प्रथिन दोन्ही हलत असतात. १९९४ मध्ये पाण्यात विरघळलेल्या रंगद्रव्यातली विद्युतभाराची विभागणी लेसरने अचानक बदलून पाहिली, तेव्हा पाण्याच्या प्रतिसादाचा निम्म्याहून अधिक भाग ५० फेम्टोसेकंदांच्या आत पुरा झालेला होता. पाणी इतक्या लवकर मांडणी बदलतं म्हणूनच ती विशेष मांडणी पुन्हा पुन्हा येत राहते, आणि इलेक्ट्रॉनला फार वाट पाहावी लागत नाही. रेणूंना जागच्या जागी खरोखर धरून ठेवणारं पाणी हवं असेल तर ते उपलब्ध आहे. त्याला बर्फ म्हणतात, आणि द्रावक गोठला की पाण्यात सहज होणाऱ्या अशा कितीतरी उड्या मंदावतात किंवा थांबतात, कारण भोवतालचे रेणू आता त्या एका क्षणाची मांडणी करायला वळू शकत नाहीत.